पल्लवीच्या डोळ्यातली साखर

प्लेटच्या शेवटच्या रांगेपर्यंत गालिचा पसरलेला होता. मी प्लेट उचलून खिडकीपाशी नेली, उजेडात धरली, परत टेबलावर ठेवली. थोड्या वेळाने पुन्हा उचलली. गालिचा तिथेच होता.

'गालिचा' हा आमच्या लॅबमधला शब्द. प्लास्टिकच्या एका चपट्या ताटलीत बोटाच्या टोकाएवढे खळगे असतात. ती प्लेट. प्रत्येक खळग्यात तपासायचं द्रावण आणि रक्तपेढीतून आणलेल्या थोड्या लाल पेशी घालायच्या आणि वाट बघायची. काही घडलं नाही, तर पेशी घरंगळत तळाशी जातात आणि तिथे एक लाल ठिपका जमतो. त्याला आम्ही बटण म्हणतो. पण द्रावणात लेक्टिन असेल तर पेशी खाली जातच नाहीत. एकमेकींना धरून राहतात आणि खळगाभर फिकट गुलाबी पडदा पसरतो. तो गालिचा. तो पसरताना डोळ्यांना दिसत नाही. तुम्ही बघत बसता आणि काहीच होत नाही. मग चहा घेऊन येता, तर तो झालेला असतो.

लेक्टिन म्हणजे साखर ओळखून धरणारं प्रथिन. आपल्या प्रत्येक पेशीच्या अंगावर साखरेच्या बारीक साखळ्या असतात. चहातली साखर नव्हे, तिची चुलत भावंडं. लेक्टिनला या साखळ्या धरायला दोन किंवा जास्त हात असतात, म्हणून दोन पेशी एकमेकींना बांधल्या जातात. अशी लेक्टिनं झाडांत असतात, आपल्यात असतात आणि बुरशीतही असतात. बुरशीला माणसाच्या किंवा गाईच्या, कुत्र्याच्या अंगात शिरायचं असेल, तर आधी काहीतरी धरावं लागतं. नाहीतर ती धुऊन जाते. काही बुरश्या आपली साखरच धरतात. हे धरणं कसं होतं, हा माझा विषय. पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत मी कितीतरी वर्षं तेवढंच करत आले आहे. नातेवाईकांना वाटतं, मी पापडांवरची बुरशी बघते.

त्या दिवशी इतका दाट गालिचा देणारी बुरशी एका मुलीच्या डोळ्यातून आली होती.

ती पाठवली होती अनघाने. डॉक्टर अनघा फाटक, माझी शाळेतली मैत्रीण. कोथरूडला तिचा डोळ्यांचा दवाखाना आहे. डोळ्यात बुरशी झालेला पेशंट आला की त्याच्या परवानगीने ती थोडा नमुना आमच्याकडे पाठवते. तिला बुरशीचं नाव कळतं, आम्हाला काम मिळतं. या वेळी तिने फोनवर एवढंच सांगितलं होतं, की मुलगी आयटीतली आहे, थेंबांना दाद देत नाहीये आणि मला काळजी वाटतेय. अनघा 'काळजी' हा शब्द पेशंटच्या बाबतीत सहसा वापरत नाही.

पुढच्या आठवड्यात ती मुलगीच लॅबमध्ये आली. आपल्या डोळ्यातलं काहीतरी कुठेतरी वाढवताहेत हे कळल्यावर तिला ते बघायचं होतं. सोबत वडील होते. पल्लवी वानखडे मूळची अमरावतीची. पुण्यात एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करायची. वडील गणिताचे शिक्षक होते, आता निवृत्त. मुलीचा डोळा बिघडल्यावर ते रात्रीच्या गाडीने आले आणि राहिले.

घडलं होतं ते असं. थंडीत ती मैत्रिणीच्या शेतावर लोणी काळभोरला हुरडा खायला गेली होती. ज्वारीच्या ताटांतून चालताना पानाची कड डाव्या डोळ्याला लागली. तिथे पाण्याने डोळा धुतला. दुसऱ्या दिवशी लाल झाला, म्हणून मेडिकलमधून थेंब आणून घातले. त्यात स्टेरॉइड होतं. स्टेरॉइडने लाली उतरते, बरं वाटतं, आणि बुरशीला मात्र मोकळं रान मिळतं. अनघाकडे पोचेपर्यंत कॉर्नियावर, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक काचेवर, पांढरा डाग पडला होता.

"आता कसं दिसतं?" मी विचारलं.

तिने काळा गॉगल काढला. उजवा डोळा हाताने झाकला आणि खोलीभर नजर फिरवली. घाई केली नाही.

"दूध तापत असतं ना, त्या वाफेतून बघितल्यासारखं. तुम्ही आहात, पण तुमच्या कडा नाहीयेत. आणि ट्यूबलाइटला पिसं फुटलीयेत."

वडील खिडकीबाहेर बघत राहिले. आमच्या आवारात सागाची झाडं आहेत. त्या दिवसांत त्यांची पानं गळत असतात आणि मोठा आवाज करत पडतात. त्या आवाजाने पल्लवी दर वेळी तिकडे वळायची, मग काय पडलं ते दिसलं नाही म्हणून परत वळायची.

मी तिला तिची बुरशी दाखवली. बशीत वाढलेली, कापसासारखी, मधे किंचित जांभळट. मग प्लेट दाखवली, गालिचा समजावून सांगितला. तिला पटकन समजलं. मग मी दुसरी प्लेट काढली. त्यात तीच बुरशी होती, तेच लेक्टिन, पण आधी त्यात मी एक साखरेची साखळी घातली होती. डोळ्याच्या ओल्या थरात म्युसिन नावाचा चिकट पदार्थ असतो, त्याच्यातलीच ती साखळी. लेक्टिनचे हात त्या सुट्या साखळीने भरून गेले, की पेशींना धरायला हात उरत नाहीत. प्लेटमध्ये सगळीकडे नेटकी लाल बटणं बसलेली होती.

मला त्या बटणांचा फार अभिमान होता. नुकतीच जमली होती ती गोष्ट.

पल्लवीने दोन्ही प्लेटा शेजारी ठेवल्या. चांगल्या डोळ्याने एकदा ही बघितली, एकदा ती.

"मॅडम, मग हे डायरेक्ट माझ्या डोळ्यात का नाही टाकत?"

मी काहीतरी बोलले. औषध आणि प्रयोग यांतला फरक, परवानग्या, वगैरे. ते सगळं खरं होतं. तिने ऐकून घेतलं. मग तिचे वडील पहिल्यांदाच बोलले. शब्द जुळवून आणल्यासारखे.

"मॅडम, आमी इथं हट्ट कराले नाही आलो. फक्त एक सांगा. तुमची मुलगी असती, तर टाकलं असतं का?"

 मी म्हटलं, थोडा वेळ द्या.

ते गेल्यावर दोन्ही प्लेटा मी टेबलावरच राहू दिल्या. दुपारचं ऊन टेबलावरून सरकत प्लेटांवर आलं. गालिचा उजेडात जवळजवळ दिसेनासा झाला. फ्रीजमध्ये त्या साखळीची छोटी बाटली होती. निर्जंतुक करणं कठीण नव्हतं. विषारी असण्याचं काही कारण नव्हतं, ती मुळात डोळ्यातलीच वस्तू. अनघाचे थेंब चालत नव्हते. डाग वाढत होता. कॉर्निया फुटला तर डोळाच जाणार होता. हे मी मनात पुन्हा पुन्हा मांडत होते, आणि प्रत्येक वेळी बाटलीच्या बाजूने कौल पडत होता.

मी रानडे सरांकडे गेले. ते आमचे विभागप्रमुख. त्यांच्या खोलीत खुर्ची एकच असते, त्यांची. आलेल्याने उभं राहून बोलावं आणि लवकर जावं, अशी सोय आहे. मी सगळं सांगितलं. आपण नीट अर्ज करू, एथिक्स कमिटीची तातडीची बैठक मागू, असंही म्हटलं. एथिक्स कमिटी म्हणजे माणसावर काही करून बघण्याआधी ज्यांची संमती लागते, ते लोक.

सर ऐकत होते. मग म्हणाले, "तुमची प्लेट पापणी मिटते का?"

"नाही सर."

"रडते?"

"नाही."

"ती मुलगी दोन्ही करते. तुमची साखर तिच्या डोळ्यात किती वेळ टिकेल?"

मला माहीत नव्हतं.

"बरं. प्लेटमध्ये तुम्ही साखर आधी घातली की लेक्टिन?"

"साखर आधी."

"आणि त्या मुलीच्या डोळ्यात काय आधी गेलंय?"

 सरांनी चष्मा काढून पुसला. त्यांचा आवाज उतरला. ते म्हणाले की कमिटीकडे जायला माझी हरकत नाही, मी सही करीन. पण कमिटी हेच विचारणार, आणि त्यांच्याआधी आपण स्वतःला विचारलेलं बरं.

मग आम्ही ते विचारायचं ठरवलं. प्लेटला नव्हे, डोळ्याला.

नेत्रदानात मिळालेले सगळेच कॉर्निया दुसऱ्याला बसवता येत नाहीत. काही थोडे खराब असतात. नातेवाइकांची संमती असेल, तर ते संशोधनाला मिळतात. दुसऱ्या एका कामासाठी आम्हाला तशी परवानगी आधीपासून होती, तिच्यात हे बसत होतं. नेत्रपेढीतून कॉर्निया आले. मी हातमोजे घालून डबी उघडली आणि नेहमीसारखी क्षणभर थांबले. कॉर्निया पाण्यात ठेवला की नाहीसा होतो. इतका पारदर्शक. चिमटा लावल्यावरच कळतं की तिथे काही आहे. कोणीतरी आयुष्यभर यातून बघितलेलं असतं. त्यांनी काय बघितलं असेल हा विचार कामाच्या वेळी करायचा नसतो, पण तो येतो.

एका कॉर्नियाचे तीन भाग केले. पहिल्यावर फक्त पल्लवीची बुरशी सोडली. दुसऱ्याला आधी साखळीच्या द्रावणात ठेवलं आणि मग बुरशी सोडली. तिसऱ्यावर आधी बुरशी सोडली, तिला एक दिवस दिला आणि मग साखळी घातली. पल्लवीच्या डोळ्यात तर बुरशीला त्याहून कितीतरी जास्त वेळ मिळाला होता. पण मला तिच्या बाजूने थोडी सूट द्यायची होती.

मायक्रोस्कोपची खोली आमच्याकडे दिवसासुद्धा काळोखी असते. जाड काळे पडदे, आत एसीची संथ घरघर. बाहेर भर दुपार असली तरी आत शिरलं की वेळ सुटतो. बुरशीच्या अंगाला चिकटणारा एक रंग असतो, विशिष्ट दिव्याखाली तो निळसर चमकतो. मी पहिला भाग ठेवला. काळ्या पाण्यात निळे दोरे उभे सोडल्यासारखे दिसले. पृष्ठभागावर दाट जाळं आणि तिथून खाली, कॉर्नियाच्या थरांमधून, खोल गेलेले. बुरशीचं असंच असतं. बघायला फार शांत वाटतं. त्या खोलीत बसून कितीतरी वेळा मी विसरले आहे, की हे कुणाचं तरी दुखणं आहे.

दुसरा भाग ठेवला. जवळजवळ रिकामा. एखाददुसरा निळा ठिपका, बाकी सगळा काळोख. साखळीने काम केलं होतं. प्लेटमध्येच नाही, माणसाच्या कॉर्नियावर. आमच्या लॅबने इतकी वर्षं जे म्हटलं होतं, ते डोळ्यांसमोर होतं. मी त्या रिकाम्या काळोखाकडे किती वेळ बघत होते कोण जाणे. मला वाटतं तो माझ्या नोकरीतला सगळ्यात सुंदर काळोख.

मग तिसरा ठेवला.

तो पहिल्यासारखाच होता. निळे दोरे तसेच, तेवढेच खोल. मी दोन्हींची अदलाबदल झाली नाही ना, म्हणून नावं तपासली. झाली नव्हती. दुसऱ्या कॉर्नियावर सगळं पुन्हा केलं. तेच दिसलं.

त्याचा अर्थ साधा होता. लेक्टिन लागतं ते पहिल्यांदा धरायला. बुरशी एकदा धरून आत शिरली, की तिला त्या हातांची गरज राहत नाही. ती मग स्वतःच्या बळावर वाढते. आपण तिचे हात बांधतो तेव्हा ती घरात जाऊन बसलेली असते.

हे पल्लवीला फोनवर सांगायचं नव्हतं. मी अनघाच्या दवाखान्यात गेले. संध्याकाळ होती. खाली रस्त्यावर ट्यूशनला निघालेल्या मुलांच्या स्कूटर आणि बसचे हॉर्न. वर काचेच्या आत सगळं मऊ आणि दूरचं. पल्लवी खिडकीपाशी बसली होती. म्हणाली, या डोळ्याने बघितलं की बस लाल ढगासारखी जाते, आणि वाईट म्हणजे ते छान दिसतं.

मी तिला तिन्ही फोटो दाखवले. प्रत्येकात काय केलं, ते सांगितलं. काही लपवलं नाही आणि काही गोडही केलं नाही. दुसऱ्या फोटोवर ती थांबली. बोटाने त्याला स्पर्श केला.

"हे चाललं."

"हो."

"आणि मी तिसरी."

"हो," मी म्हटलं. "तू तिसरी."

तिने फोटो परत दिले. मग म्हणाली, आमच्याकडे पण असंच असतं, ऑफिसच्या मशीनवर चालतं, क्लायंटकडे जाऊन पडतं.  वडिलांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. मला वाटलं, ते आता तो प्रश्न पुन्हा विचारतील. त्यांनी तो विचारला नाही. ते अनघाकडे वळले.

"मंग आता?"

अनघाने वेळ घालवला नाही. आजारी कॉर्निया काढायचा आणि नेत्रदानातून आलेला चांगला बसवायचा. एरवी डोळा शांत झाल्यावर हे करतात. इथे थांबलं तर डोळा फुटेल. बुरशी काठापर्यंत पोचण्याआधी सगळा भाग निघाला, तर डोळा वाचण्याची आशा आहे. नजर किती येईल ते नंतर बघू. तिने नेत्रपेढीत नाव आधीच दिलं होतं. पल्लवीने एकच विचारलं, की ज्यांचा डोळा मिळेल त्यांचं नाव कळेल का. अनघा म्हणाली, नाही कळत. पल्लवी म्हणाली, बरं.

कॉर्निया मिळाला आणि ऑपरेशन झालं. मी त्या दिवशी लॅबमध्येच होते. अनघाचा फोन आला तेव्हा तिच्या आवाजात थकवा होता, काळजी नव्हती. म्हणाली, "वसू, काठ स्वच्छ दिसतोय. पण थांबू या." नंतरचे बरेच दिवस आम्ही थांबलो. थेंब, तपासण्या, पुन्हा थेंब. बुरशी परत आली नाही.

काढलेल्या कॉर्नियाचा एक तुकडा पल्लवीच्या संमतीने आमच्याकडे आला. मी त्याचे पातळ काप करून घेतले आणि तोच रंग दिला. दोरे माझ्या कल्पनेपेक्षा खोल होते. जवळजवळ तळापर्यंत. साखळीचा थेंब वरच्या वर फिरून गालावर आला असता. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि लगेच बरं वाटेनासं झालं. कारण थेंब न घालण्याचं ठरलं तेव्हा हे मी बघितलेलं नव्हतं.

उन्हाळा संपता संपता पल्लवी आणि तिचे वडील पुन्हा लॅबमध्ये आले. वडील अमरावतीला परत निघाले होते, ती ऑफिसला जायला लागली होती. डाव्या डोळ्यात टाके होते अजून. तारकेसारखे, नीट बघितलं तरच दिसणारे. चष्म्याने बऱ्यापैकी वाचता येत होतं. ट्यूबलाइटची पिसं गेली का, असं मी विचारलं. म्हणाली, थोडी आहेत, पण आता कडा आहेत.

तिला तो तुकडा बघायचा होता. आम्ही काळोख्या खोलीत गेलो. ती खुर्चीवर बसली आणि आधी उजवा डोळा लावला. मग जरा थांबून डावा लावला, नवा. एसी घरघरत होता. मी फोकसचं चाक कसं फिरवायचं ते दाखवलं आणि बाजूला झाले. ती चाक अगदी हळू फिरवत एका थरातून दुसऱ्या थरात जात राहिली. पाण्यात उतरत जावं तशी.

"मला राग यायला हवा ना याचा?" तिने डोळा न काढता विचारलं.

"यायला हरकत नाही."

"येत नाहीये. किती शांत आहे हे."

वडील दाराशी उभे होते. मी त्यांनाही बघा म्हटलं. त्यांनी मान हलवली.

"मी नाही पाहत. मले जे पाहाचं होतं, ते तिच्या डोळ्यात पाहिलं."

निघताना ते माझ्यासमोर थांबले. म्हणाले, त्या दिवशी मी तुम्हाला अडचणीत टाकलं. मी म्हटलं, नाही, तुम्ही बरोबर प्रश्न विचारला होता, माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग त्यांनी हात जोडले, मीही जोडले, आणि पल्लवीने रिक्षा बोलावली.

साखळीवरचं काम अजून चालू आहे. डोळ्याला इजा झाल्या झाल्या, बुरशीने धरण्याआधी ती देता येईल का, हे आम्ही बघतोय. शेतात काम करणाऱ्यांच्या उपयोगी पडेल कदाचित. कदाचित नाही पडणार. पापणीच्या उघडझापीत ती टिकत नाही, यावर आमचं घोडं अडलेलं आहे. रानडे सर निवृत्त झाले. त्यांच्या खोलीत आता मी बसते. खुर्च्या वाढवल्या आहेत.

या सगळ्यातून मी शिकले ते थोडकंच आहे. एखादी गोष्ट चालते का, हा आमच्या धंद्यात अर्धाच प्रश्न असतो. ती केव्हा चालते, हे विचारल्याशिवाय कुणाला आशा दाखवू नये. आता मीटिंगमध्ये एखादा विद्यार्थी छान बटणांची प्लेट घेऊन आला, की मी कौतुक करते आणि मग विचारते, आधी काय घातलंस, साखर की बुरशी? मुलं माझ्यामागे मला 'केव्हा मॅडम' म्हणतात असं ऐकलंय. तोंडावर अजून कुणी म्हटलेलं नाही.